बिघडलेल्या फुलांची वही

प्रस्तावना

या पुस्तकाचं मूळ तीन कुजलेल्या कंदांत आहे, आणि ते कंद माझे होते. प्रस्तावना लिहिण्याचा मान मला मिळाला तो बहुधा त्यामुळेच. फुलांच्या संकराबद्दल बोलण्याचा दुसरा कोणताही अधिकार माझ्यापाशी नाही.

झालं असं, की एका जुन्या बागकामाच्या मासिकात मी आयरिसचं एक छायाचित्र पाहिलं. आयरिस म्हणजे आपल्या केशराच्या कुळातलं फूल. तीन पाकळ्या वर उभ्या, घुमटासारख्या. तीन खाली झुकलेल्या, जिभेसारख्या. झुकलेल्या प्रत्येक पाकळीवर मधोमध केसांची एक पट्टी असते, केसाळ सुरवंट पहुडल्यासारखी. म्हणून या जातींना दाढीवाले आयरिस म्हणतात. छायाचित्रातल्या फुलाची दाढी मात्र पाकळीवर संपत नव्हती. तिचं टोक हवेत वर उठलं होतं आणि त्याचं चक्क शिंग झालं होतं. शेजारच्या फुलात त्याच शिंगाला टोकाशी चमचा फुटला होता. तिसऱ्यात चमच्याची झालर झाली होती, परकराच्या घेरासारखी. मी ते पान कापून ठेवलं आणि दिवाळीच्या सुमारास थंड प्रदेशातल्या एका रोपवाटिकेतून तीन कंद मागवले.

जळगावात आयरिस! आता लिहितानाही हसू येतं. पानं आली, तलवारीच्या पात्यासारखी ताठ. फूल आलं नाही. या झाडाला फुलावर येण्यासाठी महिनोन्‌महिने कडाक्याची थंडी लागते, आणि आमच्याकडे थंडी म्हणजे पौषातल्या चार रात्री. मे महिना त्यांनी कसाबसा काढला. मृगाचा पाऊस पडला, काळी माती चिकटून घट्ट झाली आणि आठवड्याभरात कुंडीतून नासक्या बटाट्यासारखा वास येऊ लागला. बोट लावलं तर कंदाचा लगदा हाताला आला.

हे रडगाणं मी मास्तरांना ऐकवलं. या पुस्तकाच्या लेखकाचं नाव मुखपृष्ठावर आहेच, पण गेली कित्येक वर्षं मी त्यांना मास्तरच म्हणत आलो आहे, इथेही तेच म्हणतो. सगळं ऐकून ते म्हणाले, "भाऊ, आयरिस गेलं ते जाऊ द्या. तुम्हाला शिंग बघायचंय ना? उद्या सकाळी आठच्या आत गच्चीवर या. नंतर याल तर नुसता चहा मिळेल."

दुसऱ्या दिवशी आठच्या आत पोचलो. गच्चीवर हिरवी जाळी ताणलेली, जाळीखाली ठिबकच्या नळ्या (जळगावात घरोघरी नळीचा एखादा तुकडा सापडतोच), आणि नळ्यांच्या दोन्ही बाजूंनी कुंड्यांत जास्वंदी. नुसत्या जास्वंदी. एकीचं फूल फुलपात्राएवढं, कडेला जांभळट धुरकट, मध्ये शेंदरी. एकीच्या पाकळ्यांना चुण्या. आणि कोपऱ्यातल्या एका कुंडीत माझं शिंग होतं. फुलाच्या मधला तो लांब दांडा, ज्यावर पिवळे केसर असतात, त्याच्या टोकाला चार-पाच छोट्या पाकळ्यांचा तुरा फुटला होता. फुलातून आणखी एक फूल बाहेर पडू पाहत होतं आणि अर्ध्यावर थांबलं होतं.

"हे बिघडलेलं फूल आहे," मास्तर म्हणाले. "मी बिघडलेलीच गोळा करतो."

सगळं पुस्तक या एका वाक्यात आहे असं मला वाटतं, म्हणून त्याची फोड करतो.

जास्वंदीच्या साध्या फुलाला पाच पाकळ्या, मध्ये एक नळी, नळीवर केसर आणि केसरांच्याही वर पाच मखमली ठिपके. ते ठिपके म्हणजे कुक्षी, फुलाचा स्त्रीभाग. 'डबल' जास्वंदीत जास्तीच्या ज्या पाकळ्या दिसतात, त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच; ते वाट चुकलेले केसर आहेत. केसर व्हायच्या जागी पेशींना पाकळी होण्याचा हुकूम मिळाला की गुच्छ तयार होतो. जर्मन कवी ग्योटे याने १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावर एक छोटं पुस्तक लिहिलं. फुलाचे सगळे अवयव हे मुळात एकाच अवयवाची निरनिराळी रूपं आहेत, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या पुराव्यांत अशी भरगच्च फुलं होती. कवीचा तर्क म्हणून सुरुवातीला त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९९१ च्या सुमारास मायरोविट्झ आणि कोएन यांनी दाखवून दिलं, की जनुकांचे तीन गट मिळून फुलात कुठे पाकळी, कुठे केसर आणि कुठे बीजकोश हे ठरवतात, आणि त्यातला एक गट निकामी झाला की केसरांच्या जागी पाकळ्या येतात. म्हणजे आपण देवाला वाहतो ती डबल जास्वंद ही काटेकोर भाषेत एक चूकच. गुलाबाच्या बाबतीत आपण अशा चुकांना कधीच माफ केलंय. शिंगवाल्या आयरिसला माफी मिळायला मात्र वेळ लागला. अमेरिकेत असली रोपं निघाली की पैदासकार ती उपटून फेकत. कॅलिफोर्नियातल्या लॉइड ऑस्टिन यांनी १९५० च्या दशकात ती मुद्दाम जपायला सुरुवात केली. तेव्हा अंतराळयुगाचा बोलबाला होता, म्हणून त्यांनी आपल्या फुलांना 'स्पेस एज' म्हटलं. जाणकारांनी नाकं मुरडली. पुढे मॉन्टी बायर्स यांनी केलेल्या शिंगवाल्या जातींपैकी 'थॉर्नबर्ड'ला १९९७ साली, 'कॉन्ज्युरेशन'ला १९९८ साली आणि 'मेस्मरायझर'ला २००२ साली आयरिसच्या जगातलं सर्वोच्च डाइक्स पदक मिळालं.

आमच्या जास्वंदीकडे वळू. आजीच्या अंगणातली लाल जास्वंद आठवा. तिला बी लागलेलं कुणी पाहिलंय? मी शंभरदा आठवून पाहिलं. बोंड नाही, बी नाही, काही नाही. कारण त्या लाल जास्वंदीला बी सहसा धरतच नाही. ती फांदीनेच वाढते. श्रावणात कुणाच्या तरी कुंपणावरून फांदी मोडून आणायची, शेणखताच्या मातीत खोचायची, संपलं. त्यामुळे तुमच्या घरची, माझ्या घरची आणि एरंडोलजवळच्या पद्मालयात गणपतीला वाहिली जाणारी लाल जास्वंद कदाचित एकाच झाडाचे तुकडे असतील, शेकडो वर्षं हातोहात फिरत आलेले. नवग्रहस्तोत्र सूर्याला उपमा देतं तीही जपाकुसुमाचीच. आणि इतका घरोबा असलेली ही वनस्पती रानात आपसूक उगवलेली आजवर कुणाला सापडलेली नाही. तिचं माहेर शोधता शोधता अभ्यासक चीन, भारत, प्रशांत महासागरातली बेटं असे फिरत राहिले.

बी धरायला लागते ती संकर झाल्यावर. मॉरिशसमध्ये १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स टेल्फेअर यांनी तिथल्या बेटांवरच्या जातीशी हिचा संकर केला. नंतर हवाई बेटांवर २० व्या शतकाच्या सुरुवातीला हौशी मंडळींनी अक्षरशः शेकडो संकर काढले. पूर्व आफ्रिकेतली कातरलेल्या पाकळ्यांची, झुंबरासारखी उलटी लोंबणारी जास्वंदही त्या मिश्रणात आली. इतक्या घराण्यांचं रक्त मिसळल्यामुळे हिचा गुणसूत्रांचा हिशेब फार घोटाळ्याचा आहे. निरनिराळ्या वाणांत ८४, ९२, १४४, १६८ असे आकडे नोंदले गेले आहेत. माणसात ते ४६ असतात. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की एका बोंडातल्या दहा बिया लावा, दहा वेगळी फुलं येतील, आणि त्यातलं एकही आईवर किंवा बापावर गेलेलं नसेल. केळीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे पचायला जड जातं. इथे टिश्यू कल्चरच्या रोपांनी एकसारखे घड काढण्यात आमची एक पिढी खपली. मास्तरांच्या गच्चीवर कुठलीच दोन रोपं सारखी नाहीत.

महाराष्ट्रात जास्वंदीचा हा नाद प्रामुख्याने पुण्याकडचा. कोलकात्याच्या आणि केरळच्या रोपवाटिकांत आजही कुंडीतल्या ठेंगण्या, मोठ्या फुलांच्या जास्वंदी 'पुणे व्हरायटी' म्हणून विकल्या जातात, आणि उरुळी कांचनच्या बाजूने रोपांनी भरलेल्या गाड्या देशभर जातात. पण तो व्यापार झाला. व्यापाऱ्याला दहा हजार सारखी रोपं हवीत. हौशी माणसाला एकच हवं असतं, तेही इतर कुणाकडे नसलेलं. आपल्याकडे या जातीचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे डॉ. बेंजामिन पिअरी पाल. गव्हावर काम करणारे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. गुलाबांची पैदास हा त्यांचा फावल्या वेळातला छंद, आणि त्या छंदातून कितीतरी वाण निघाले. गहू नोकरीसाठी आणि गुलाब स्वतःसाठी.

खानदेशात हे वेड कसं रुजलं, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. आमचं ऊन फुलांचं नव्हे. भुसावळचा पारा उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो. ४५ अंशांत जास्वंदीची कळी उमलण्याआधीच गळते, पराग कोरडा पडून निकामी होतो, आणि डबल फूल आलंच तर बिचारं एकेरी होऊन येतं. (अशा हवेत खूष असतं ते अडेनियम. जाड बुंध्याचं ते वाळवंटी झाड आमच्याकडे गच्चीगच्चीवर आहे. पण त्याचे पराग फुलाच्या नळीत असे दडवलेले असतात, की ते काढायला घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे हात लागतात. मास्तरांनी दोन वर्षं खटपट करून ते सोडून दिलं.) दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत आणि पुन्हा महाशिवरात्रीच्या आगेमागे थोडे दिवस, एवढाच काय तो हंगाम. एरवी झाडं जगवायची.

मग एकदा मास्तरांच्या गच्चीवर मला उत्तर मिळालं. त्यांच्याकडे कुंड्यांची निगा राखायला एक बाई येतात. तरुणपणी त्यांनी कापसाच्या सीड प्लॉटवर बरीच वर्षं काम केलेलं. जास्वंद, कापूस, भेंडी, अंबाडी हे सगळं एकच कूळ. भेंडीचं फूल नीट पाहा, पिवळं, पोटात गडद लाल डोळा. जास्वंदीची धाकटी बहीणच. कापसाच्या फुलातही तोच मधला दांडा, तेच केसर. १९७० साली सुरतेत सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कापसाचा संकरित वाण काढला, आणि त्यानंतर संकरित सरकी तयार करण्याचं काम हजारो बायकांच्या बोटांवर आलं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची, तिच्या पाकळ्या काढून केसर नखाने खरवडून टाकायचे, कुक्षीला धक्का लावायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्यावर घासायचं. दिवसाला अशी शेकडो फुलं.

या बाईंनी मास्तरांना ब्रश वापरताना पाहिलं. रंगकामाचा बारीक ब्रश, मास्तर चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ब्रशमा तुमना अर्धा पराग जास." मग त्यांनी बापाचं फूल सरळ तोडलं, पाकळ्या मागे दुमडून मुठीत धरल्या आणि केसरांचा दांडा मादी फुलाच्या पाच ठिपक्यांवर हलकेच टेकवला, नवरीच्या कपाळाला कुंकू लावावं तसा. जास्वंदीचा पराग चांगला जाडसर असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. पाचही ठिपक्यांवर पिवळे दाणे बसलेले मी पाहिले. देठाला त्यांनी धागा बांधला, लाल, कारण बाप लाल होता. चिठ्ठ्या पावसात पुसतात, धागा पुसत नाही. त्या दिवसापासून मास्तरांच्या गच्चीवर ब्रश बंद झाला आणि धाग्यांचा डबा आला. या पुस्तकातल्या पाचव्या प्रकरणात जी पद्धत सांगितली आहे ती ही. श्रेय त्यांनी तिथे दिलेलं आहे.

पुढचं सगळं वाट पाहणं. फूल एका दिवसात मिटून गळतं. देठ हिरवा राहिला आणि तळाशी बोंड फुगू लागलं तर जमलं. चार-सहा दिवसांत पिवळं पडून गळालं तर नाही. बहुतेक गळतात. टिकलेलं बोंड साधारण सहा ते आठ आठवड्यांत पिकून तपकिरी होतं आणि पाच फाकांनी उकलतं. त्याआधी त्याला जुन्या ओढणीच्या कापडाची पिशवी बांधली नाही तर बी गच्चीभर उडतं. बियाला नेलकटरने बारीक टवका पाडायचा, म्हणजे पाणी आत शिरतं. आठ-दहा दिवसांत कोंब. पहिलं फूल पाहायला वर्ष, कधी दीड वर्ष. मधल्या काळात पिठ्या ढेकूण. शेजारच्या वाड्यात पऱ्हाट्यांची गंज असेल तर विचारूच नका. कापसावरची ही पांढरी पीडा जास्वंदीवर हक्काने राहायला येते. मास्तर पहाटे पिचकारीच्या जोरदार धारेने झाडं धुतात. औषध फवारलं की ढेकणांना खाणारे भुंगेरेही मरतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे.

मास्तरांकडून मी खरं काय शिकलो, ते आता सांगतो. संकर करणं सोपं आहे. ते भुंगेही करतात. अवघड आहे ते रोप फेकणं. एका हंगामात उगवलेल्या रोपांपैकी बहुतेकांची फुलं छान असतात, आणि छान फूल मास्तरांना नको असतं. तसली हजारो आहेत. पहिलं फूल उमललं की ते समोर स्टूल टाकून बसतात आणि वहीत चार गोष्टी लिहितात: दांड्याला काय झालंय, पाकळी मागे वळते की पुढे, देठ फुलाचं ओझं पेलतो का, आणि संध्याकाळी पाचला फूल कसं दिसतं. तुरा फुटलाय पण देठ लुळा आहे, तर ते झाड पुढच्या संकरासाठी ठेवायचं, दाखवायला नाही. देठ ताठ, रंग सुरेख, पण आकारात नवीन काही नाही, तर वाटून टाकायचं. आणि एखादी विकृती दिसली तर घाई करायची नाही. पहिल्या फुलावर भरवसा नाही. थंडीत तुरा येतो, उन्हात जातो. तीन हंगाम तोच बिघाड पुन्हा आला, तरच तो त्या झाडाचा गुण.

ही निवड करणारी नजर खानदेशात नवी आहे असं समजण्याचं कारण नाही. भरताचं वांगं पाहा. आसोद्याचं, बामणोदचं ते हिरवट-पांढरं, मोठं, कमी बियांचं वांगं कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. बियाण्यासाठी कुठलं फळ झाडावर ठेवायचं, हे घरातल्या जाणत्या माणसांनी वर्षानुवर्षं ठरवलं आणि बाकीची बाजारात पाठवली. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण वांग्यात ओळखू येणारा फरक पोटात जातो, म्हणून त्याला घरात मान होता. फुलात निघालेला फरक बघणाऱ्याला घरचे "दुसरा उद्योग नाही का?" असंच विचारतात. मास्तरांच्या घरीही विचारतात. त्यांनी याला उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही.

धुळ्याच्या मंडळींचाही उल्लेख हवा. तिथे दोन-तीन घरी हाच नाद आहे, आणि डोळे भरून कलम करण्यासाठी लागणाऱ्या काड्या दोन्ही शहरांत एस.टी.ने ये-जा करतात. पारोळ्यावरून दोन-अडीच तासांचा प्रवास; मे महिन्यात काडी वाळून कडक व्हावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती उकडते. यावर धुळ्याहून आलेली तोड म्हणजे केळीचं सोपट, तिच्या खांबाची साल. ओलं सोपट उकलून त्यात काड्या ठेवायच्या, वरून दुसरं सोपट आणि बांधायलाही सोपटाचीच दोरी. कंडक्टरला वाटतं हार आहेत. संध्याकाळपर्यंत काडी जशीच्या तशी राहते. मग ती कुठल्या झाडावर बांधायची? त्याच आजीच्या लाल, बिनबियांच्या, चिवट जास्वंदीवर. नव्या संकरांची मुळं नाजूक, आमच्या चिकट मातीत कुजतात. देशी लालीच्या पायावर मात्र ते उभे राहतात. फूल नवं, मुळं जुनी. पुस्तकातलं कलमांचं प्रकरण त्यामुळे सर्वांत जाड झालं आहे, आणि वाचताना थोडं कंटाळवाणं आहे हेही सांगून टाकतो. आकृत्या पाहा आणि पुढे जा. हात घालाल तेव्हा परत याल.

एक तक्रार आहे. मास्तर आपल्या फुलांना नावं देत नाहीत. वहीत नुसते आकडे: आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, रोपाचा क्रमांक. मी म्हटलं, "अहो, बालकवींच्या धरणगावापासून तासाभरावर राहता आणि फुलाला '३-११-४' म्हणता?" ते म्हणाले, "नाव दिलं की फेकवत नाही."

माझ्या घरी सध्या त्यांनी फेकलेली पाच झाडं आहेत. त्यातलं एक ३-११-४. तांबड्या रंगाचं, एका बाजूला कललेलं फूल, दांड्याला तीनच पाकळ्यांचा तुरा, तोही दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांपुरता. उन्हाळ्यात ते अगदी साध्या जास्वंदीसारखं फुलतं आणि सकाळी गणपतीला जातं. यंदा कार्तिकात त्याच्या एका फुलात तुऱ्याच्या पाकळ्या पाच होत्या. मास्तरांना कळवलं. ते आले, स्टूल मागितलं, बराच वेळ बसले, आणि जाताना म्हणाले, की अजून दोन हंगाम बघू. लाल धागा मात्र ते खिशातून घेऊनच आले होते.